घरचं पत्र एकच

टाळ्या पडल्या तेव्हा मी खुर्चीखाली सरकलेली चप्पल पायानं चाचपत होते. भाषण मला पाठच होतं. दर सोळा डिसेंबरला भंडाऱ्यातली कुठली ना कुठली शाळा यांना बोलावते, हे लाकडी पाय टाकत माईकपाशी जातात, आणि मग नदी, धुकं, सुरुंग, दवाखाना, भारतमाता की जय. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात घरची चार कामं उरकून घेते. पण या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, मुलींची शाळा होती आणि यांना काय वाटलं कोण जाणे, सुरुंगाच्या आधीच थांबले. पाणी प्यायले. म्हणाले, "आज एक गोष्ट सांगतो, आजवर कुठं सांगितली नाही. एकाहत्तरची लढाई सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, चाळीस जवान हाताखाली असताना, माझ्या हातात बदलीचा हुकूम आला होता. कामठीला, घराजवळ. मी सामान बांधलं होतं. त्याच दिवशी, पलटणीमागं फिरत फिरत, घरचं पत्र आलं. माझ्या पत्नीनं लिहिलं होतं, चाळीस जणींचं कुंकू तुमच्या हातात आहे, माझं एकटीचं वाचवायला येऊ नका. मी बांधलेलं सामान परत सोडलं." असं म्हणून यांनी माझ्याकडे हात केला. मुख्याध्यापिका ललिताबाई शेजारीच होत्या, त्यांनी मला दंड धरून उभं केलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, तशी मी सातशे मुलींपुढं उभी राहिले आणि हसले. बाई अशा वेळी हसतेच. ते वाक्य माझं नव्हतं. मी यांना आयुष्यात एकही पत्र लिहिलेलं नाही.

लिहिता येत नव्हतं असं नाही. सातवी पास होऊन आले होते मी, अक्षर बरं होतं, शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायची. पण सासरी, आसगावच्या त्या घरात रीत होती. घरचं पत्र एकच. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत यांचे कुणी खापरपणजोबा सरदार होते, त्यांना दोन बायका. सरदार कटकच्या मोहिमेवर गेले आणि मागून दोघींची दोन पत्रं गेली. एकीनं लिहिलं या, दुसरीनं लिहिलं येऊ नका. सरदार अर्ध्या वाटेवर येऊन बसले, धड इकडे नाही धड तिकडे नाही, आणि पाच गावांची जहागिरी गेली. तेव्हापासून घरातला पुरुष पलटणीत असला की आठवड्याला एकच पत्र जायचं, थोरल्या सुनेच्या हातचं. बाकीच्यांनी माजघरात तिच्यासमोर बसायचं, बोलायचं ते बोलायचं, ती लिहील ते लिहील. वाचून दाखवायची पद्धत नव्हती. विश्वास ठेवायची पद्धत होती. लिहून झालं की भाताचं शीत बोटानं चुरडून ती लिफाफा बंद करायची आणि उठायची. लग्न होऊन आले त्या वर्षी मला याची मजा वाटली होती. मैत्रिणींना सांगून हसले होते. पुढं हसू गेलं.

थोरली सून म्हणजे माझी जाऊ, सुलोचनाबाई. तिचे यजमान पासष्टच्या लढाईत गेले. तिचं स्वतःचं पत्र जायला माणूसच उरला नव्हता, तरी कलम तिच्याच हाती. दिसायला उंच, नाकेली, नागपुरात मॅट्रिक झालेली, आणि मामा दिल्लीला ब्रिगेडियर. बाहेर बैठकीत सासरे वासुदेवराव बसायचे, ब्रह्मदेशात लढून आलेले, छातीला पदकं नसली तरी असल्यासारखे. समोर नकाशा. गावातली रिटायर माणसं येऊन माना डोलवायची. कोणाची पलटण कुठं, कोणाला रजा, कोणाच्या लेकाची भरती, सगळं बैठकीत बोललं जायचं आणि माजघरात ठरायचं. हे वासुदेवरावांना शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळून त्यांनी कळू दिलं नाही. मोहल्ल्यातल्या बाया मागल्या दारानं येत. रुखमा आली होती, तिचा लेक सीमेवर, इकडे बाप मरायला टेकलेला. जाऊबाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि रात्री दिल्लीच्या मामाला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी लेक दारात उभा. रुखमा वासुदेवरावांच्या पाया पडली आणि जाताना मागल्या दारी येऊन जाऊबाईंच्या पडली. मी चुलीपाशी होते. पाहिलं मी ते, आणि मनात जे उठलं त्याला काय म्हणावं ते मला तेव्हा समजलं नाही. आता समजतं. जळफळाट, दुसरं काय! मेलीच्या हातात नवरा नाही, कपाळाला कुंकू नाही, आणि अख्खी पलटण तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर हलते. आणि माझा नवरा लिफाफा फोडून वाचतो ते अक्षर तिचं. उशाखाली ठेवतो ते अक्षर तिचं. थंडीत तंबूत बसून ज्या वेलांटीवरून बोट फिरवत असेल ती वेलांटी तिची.

कार्यक्रमानंतर चहा होता. ललिताबाई यांना म्हणाल्या, "सर, ते पत्र आहे ना जपून? आम्हाला शाळेत लावायचं आहे, काचेची फ्रेम करून. मुलींनी रोज येता-जाता वाचावं." मला वाटलं हे टाळतील. पण हे म्हणाले, "आहे की." माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तीन दिवसांनी घेऊन जा." कपातला चहा माझ्या बशीत सांडला. पत्र आहे. माझ्याच घरात, कुठल्या तरी कप्प्यात, तेरा वर्षं तिचं पत्र आहे, आणि त्यावर हे माझं नाव लावून बसले आहेत. रिक्षात हे म्हणाले, "दमली का?" मी म्हटलं, "हाव."

सकाळी, आसगावला जाऊन येते, एवढंच सांगून पवनीची एसटी धरली. वाटभर माझं डोकं भणभणत होतं. तेरा वर्षं मी एक गोष्ट धरून बसले होते आणि भाषणानं तिचं तंगडंच मोडलं होतं. एकाहत्तरच्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेलेली, सगळे म्हणत होते लढाई होणार, तेव्हा मी जाऊबाईंसमोर बसले आणि लाज सोडून बोलले. काय बोलले ते मला आजही तोंडपाठ आहे. लिहा, मले भेव वाटते. जेवण जात नाही. बदली करून देतात म्हणतात, आली तर घ्या. लोक हसले तर मी ऐकून घेईन. तुम्ही फक्त या. आणि मग, त्याहून लाज सोडून, जाऊबाईंना म्हटलं, बाई, तुमच्या मामाले एक ओळ टाका ना वो. त्यांची कलम थांबली नाही. मान वर झाली नाही. शीत लावून लिफाफा बंद केला आणि उठल्या. बदली आलीच नाही. महिन्यानं तार आली ती पायाची. तेव्हापासून मी मनाशी पक्कं केलं होतं की हिनं मामाला लिहिलंच नाही. तिचा गेला, माझा का राहावा. मी तिच्याशी कामापुरतं सोडून बाकी बोलणं टाकलं, आम्ही भंडाऱ्यात खात रोडला बिऱ्हाड केलं, सणावारीसुद्धा मी आसगावला जायचं टाळलं. आणि आता हे म्हणतात हुकूम आला होता! म्हणजे तिनं लिहिलं होतं. म्हणजे एका हातानं दिलं, आणि त्याच आठवड्यात, माझ्याच तोंडचं म्हणून, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. कुंकवाचं तसलं वाक्य विधवेशिवाय कोणाला सुचणार? सधवेला कुठं ठाऊक असतं दुसरीच्या कुंकवाचं मोल. आणि हे गेले तेरा वर्षं माझ्याशी जे प्रेमानं वागले, आजारपणात उशापाशी बसले, लेकीला सांगायचे की तुझी आई वाघीण आहे, ते सगळं त्या वाक्यावर. म्हणजे त्या वाक्यावर मी पोसले गेले. जाऊबाईंच्या ताटातलं जेवले मी इतकी वर्षं, आणि हात धुऊन ढेकर दिला.

जाऊबाई खळ्यात होत्या. धानाचे पुंजणे, कापल्या पेंढ्यांचे ढीग, लागलेले, बैल गोल फिरत होते, कडेला खाटेवर त्या चष्मा लावून बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. मला पाहून उठल्या. "अवं, अशी अचानक? भाऊजी बरे हायेत ना?"

पहिला प्रश्न भाऊजींचा. लागलं मला.

"बरे आहेत. भाषणं देऊन राहिले," मी म्हटलं. "काल सातशे पोरींपुढं तुमचं वाक्य म्हणून दाखवलं."

"माझं कोणतं वाक्य?"

मी म्हणून दाखवलं. हुकूम, सामान, चाळीस जणींचं कुंकू, सगळं. त्यांच्या तोंडात सुपारी होती, ती चावायची थांबली.

"हे मी लिहिलं म्हणतेस तू?"

"मग कोण? कलम तुमच्याच हातात होती. माझं तोंड अन् तुमचा हात. मी या म्हटलं अन् तुम्ही नका लिहिलं. भोसल्यांच्या काळात दोघी दोन पत्रं लिहायच्या, तुम्ही एकटीनंच दोन्ही लिहिली."

मला वाटलं चिडतील. त्या खाली बसल्या आणि खाटेवर मला जागा केली. मी उभीच राहिले. "वच्छला," त्या म्हणाल्या, "मी असं कायले लिहीन? कुंकवाचं मले काय सांगतेस. माझं पुसलं तेव्हा पेपरवाले आले, पुढारी आले, समदे असंच बोलून राहिले होते. तुमचं एक गेलं, हजारोंचं वाचलं. मले त्या बोलण्याची ओकारी येते."

"मग काय लिहिलं?"

"तू बोलली ते." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. बैलांकडे पाहत, सावकाश, शाळेतली कविता म्हणावी तसं. मले भेव वाटते. जेवण जात नाही. लोक हसले तर मी ऐकून घेईन. तुम्ही फक्त या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तेरा वर्षांपूर्वीचं माझं रडगाणं तिच्या तोंडून ऐकताना माझे कान तापले. "काना-मात्रा नाही बदलला मी. मामालेही लिहिलं. माझ्या नवऱ्यासाठी कधी शब्द नाही टाकला, तुह्यासाठी टाकला. कागदावर पाय धरले त्याचे. हुकूम निघाला तो उगाच नाही निघाला."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं कधी? तू तर बोलणंच टाकलं माझ्याशी. अन् सांगू काय? हुकूम आला होता, तुह्या नवऱ्यानं घेतला नाही, हे जावेनं जावेले सांगायचं असते का?"

मी खाटेवर बसले. खळ्यात धुरळा उडत होता. मग मी विचारलं, माझ्यासाठी का केलं म्हणून. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. म्हणाल्या, "तू बोलून राहिली होती तेव्हा मले माझंच आठवलं. पासष्टात कलम सासूबाईच्या हाती होती, मी त्यायच्यासमोर अशीच बसली होती. तुह्यासारखंच बोलली होती, याच शब्दात समज. त्यायनं मान हलवली, लिहिलं, लिफाफा बंद केला. काय लिहिलं मले आजही ठाऊक नाही. माणूसच नाही राहिला विचारायले. म्हणून तुहं जसंच्या तसं लिहिलं."

कोणीही दुसरी असती तर तिच्या गळ्यात पडली असती. मीही पडायला पाहिजे होते. पण खरं सांगते, मला आधी आला तो रागच. यातही हीच मोठी ठरली! दुःख माझ्याआधीचं, मन माझ्याहून मोठं, आणि तेरा वर्षं तोंड मिटून बसण्याची ताकदसुद्धा हिचीच. मी काय करत होते? तर घर टाकून भंडाऱ्यात बसले होते, फुगून. त्यांनी जेवून जा म्हटलं. मी म्हटलं, गाडी चुकेल. निघताना त्यांनी नव्या तांदळाची पिशवी हातात दिली, "भाऊजीले पातळ भात आवडते," आणि ती पिशवी मांडीवर घेऊन मी पवनीपर्यंत आणि पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत एकच गोष्ट मनात घोळवत आले. तिनं लिहिलं नाही. मी बोलले नाही. मग ती कोण? चाळीस जणींचं कुंकू मोजणारी ती बाई कोण? एक क्षण, देवाशपथ, मला असंही वाटलं की यांची तिकडे कोणी होती. दवाखान्यातली नर्स, नाही तर कोणा साहेबाची बहीण, चांगलं मराठी लिहिणारी.

हे ओसरीत ऊन घेत बसले होते, लाकडी पाय काढून बाजूला ठेवलेला. "ललिताबाई येऊन गेल्या," म्हणाले. "शाळेची भिंत मोजून ठेवली म्हणे. परवा येणार आहेत."

"पत्र कुठाय?"

"नाही."

"तुम्ही तर आहे म्हणाले."

"आलं त्याच दिवशी शेगडीत टाकलं. कोणाच्या हाती पडलं असतं तर." मग म्हणाले, "काय होतं त्यात ते तुले माहीत आहे."

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी वाघीण आहे असं लेकीला सांगतानाही ठाऊक होतं. मी पिशवी खाली ठेवली. "मग काल स्टेजवर ते काय होतं?"

"काय सांगायला पाहिजे होतं? बायकोनं बोलावलं, हुकूमही होता, तरी मी आलो नाही, असं?" यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पुण्याच्या दवाखान्यात होतो चार महिने. पाय नसला तरी दुखते रात्रंदिवस. वाटायचं, पत्रात असं काही असतं तर बरं झालं असतं. नका येऊ म्हणाली असती तर पाय तिच्यासाठी गेला म्हटलं असतं. मग मीच म्हणून पाहायचो, ती अशी म्हणाली, ती तशी म्हणाली. म्हणता म्हणता वाक्य तयार झालं. काल तोंडातून निघालं."

तेरा वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "का नाही आले?"

हे गुडघ्याच्या खालच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते. "काही नाही वो त्यात. हुकूम वाचला, तुझं पत्र वाचलं, सामान बांधलं. बाहेर जवान जेवत होते. एक मिशाळ हवालदार होता आमचा, त्यानं हातातली रोटी तशीच धरून विचारलं, साब, आप जा रहे हो? मी म्हटलं, नहीं. निघून गेलं तोंडातून. मग परत कसं घेणार."

बस. एवढंच. जाऊबाईंच्या मामाचे धरलेले पाय, माझी लाज, भोसल्यांपासूनची रीत, सगळं एका बाजूला आणि हातात रोटी धरलेला एक हवालदार दुसऱ्या बाजूला. मी त्या न पाहिलेल्या माणसावरही जळले. त्याला तोंडानं विचारता आलं. मला जावेच्या हातानं विचारावं लागलं.

हे म्हणाले, "आता ललिताबाईचं काय करायचं?" आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तू लिहून दे. त्या वेळचे कोरे कागद आहेत माझ्या पेटीत, पिवळे झालेले. शाईचं पेनही आहे."

"अन् अक्षर?"

"तुझं अक्षर कोणी पाहिलंय? मीच पाहिलं नाही कधी."

हे असं सहज बोलून गेले. नाही म्हणायचं माझ्या जिभेवर होतं. जा म्हणावं, सांगा ललिताबाईंना की पत्र जळलं, सांगा त्यात काय होतं. सातशे पोरींना कळू दे की बाई नवऱ्याला या म्हणते. पण मग हे उद्यापासून खात रोडवरून कसे चालणार? एकाच पायाचा आधार त्यांना, आणि दुसरा त्या वाक्याचा. मी पदर खोचला, पाटावर कागद ठेवला आणि म्हटलं, "सांगा. काय लिहू?"

नवऱ्याला पहिलं पत्र लिहायला बसले मी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आणि तेही दुसऱ्यानं सांगितलेलं. हे सांगत गेले, मी लिहीत गेले. कृतानेक नमस्कार. माझी काळजी करू नये. हुकूम येईल असं ऐकते. इथं हे अडले. मी थांबले नाही. माझं मीच लिहिलं, यंदा धान चांगलं आहे, मामंजी बरे आहेत, तुमच्या मागं घर उभं आहे. कुठून आलं कोण जाणे, हात आपोआप चालत होता, अक्षर शाळेत होतं तसं गोल, सरळ. मग यांनी कुंकवाची ओळ सांगितली. तीही लिहिली. खाली आपली वच्छला. वर तारीख घातली, नोव्हेंबर एकाहत्तर. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली आणि यांच्या हातात दिला.

हे वाचायला लागले. स्वतःच सांगितलेलं, तरी नवीन असल्यासारखं, ओठ हलवत. धानाच्या ओळीवर जरा हसले. कुंकवाच्या ओळीशी आले आणि थांबले. चष्मा काढून बाहीनं डोळे पुसले, परत लावला, परत काढला. लग्नाला सोळा वर्षं झाली, यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, पाय गेला तेव्हासुद्धा नाही. "पाहा," कागदाकडे बोट करून हे मलाच म्हणाले, "अशी बायको होती माझी."

मी समोर बसले होते. बोटांना शाई लागली होती. शेगडीत ते दुसरं पत्र टाकताना डोळ्यांत असं पाणी आलं होतं का, एवढं एकच मला विचारायचं होतं, आणि उत्तर मला ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही. जाऊबाईंवर तेरा वर्षं जळले ते सगळं फुकट गेलं. त्यांच्याशी निदान भांडता आलं असतं. ही बाई परवापासून शाळेच्या भिंतीवर काचेआड राहणार होती, माझ्या नावानं, माझ्या अक्षरात, आणि हे दर सोळा डिसेंबरला तिला पाहायला जाणार होते. तिचं मी काहीच करू शकत नव्हते.